हात वर करून ‘फुले’, कामटी टाकून ‘स्थळ’ : वर्षाचा चित्रपट आपण कसा निवडावा?

डिसेंबर संपत आला की मोबाइलवर वर्षातल्या सर्वोत्तम दहा चित्रपटांच्या याद्या येऊ लागतात. त्यात आपल्या प्रश्नावरचा चित्रपट नसला की आपण चिडतो, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो, दोन दिवस वाद घालतो आणि विसरून जातो. स्वतःची यादी मात्र कधी करत नाही.

२०२५ संपताना आम्ही ती केली. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा येथे, धानाची चुरणी आटोपल्यावर, तलावाच्या पाळीजवळ आम्ही काही कार्यकर्ते, कॉलेजची मुले-मुली आणि महिला मंडळाच्या काही जणी बसलो. त्या बैठकीत निकालापेक्षा निकाल लावण्याच्या पद्धतीने आम्हाला जास्त शिकवले. म्हणून हा लेख.

याद्या कोण ठरवतो?

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी निर्माता प्रवेशिका पाठवतो. प्रादेशिक समित्या पहिली चाळणी लावतात, केंद्रीय समिती अंतिम निवड करते. त्या वर्षात सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळालेले चित्रपटच पात्र ठरतात. म्हणजे आधी सेन्सॉर, मग परीक्षक. पुरस्कार दोन वर्षे मागेही चालतात. २०२३ चे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाले. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘श्यामची आई’, तर दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘द केरळ स्टोरी’ला गेला.

‘श्यामची आई’ हे नाव पुरस्कारांच्या इतिहासात पहिलेच आहे. १९५४ साली हे पुरस्कार सुरू झाले तेव्हा आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते. त्यानंतरच्या वर्षी अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ला मराठीसाठीचे रौप्यपदक मिळाले. त्या चित्रपटाच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब हजर होते. ज्यांनी जोतीरावांना आपले गुरू मानले, त्यांना या माध्यमाचे मोल कळत होते. मग आपणच ते फावल्या वेळेतली करमणूक म्हणून का सोडून द्यावे?

आमचे नियम

नियम दोनच ठेवले. एक, ज्याने चित्रपट पूर्ण पाहिला आहे त्यानेच त्यावर बोलायचे. रील आणि ट्रेलर धरायचे नाहीत. दोन, चित्रपटात जयभीम किती वेळा आला, निळा झेंडा किती वेळा दिसला, हे मोजायचे नाही. माणूस कसा दाखवला आहे ते पाहायचे.

पहिल्या नियमाने बरीच पंचाईत केली. गावात थिएटर नाही. काहींनी शहरात जाऊन पाहिले होते, काहींनी एकमेकांच्या घरी टीव्हीवर किंवा मोबाइलवर. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला, पण आमच्यापैकी फारच थोड्यांनी तो पाहिला होता. म्हणून तो यादीतून गेला. दोष चित्रपटाचा नव्हता, आमचा होता. शेवटी चार चित्रपट उरले.

चार चित्रपट, चार वाद

पहिला ‘फुले’. अनंत महादेवन यांचा हा हिंदी चित्रपट जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला येणार होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉरने जातींची नावे आणि पेशवाईचा उल्लेख यांवर बदल सुचवले, आणि चित्रपट २५ एप्रिलला आला. एका मुलाचे म्हणणे होते, “ज्याच्यासाठी आपण भांडलो, तोच पहिला.” एका मुलीने विचारले, “दादा, भांडलो ते दाखवण्याच्या हक्कासाठी. चित्रपट चांगला आहे का, हा प्रश्न वेगळा नाही का?” तिच्या मते प्रसंग पाठ्यपुस्तकातल्या धड्यांसारखे एकामागून एक येतात. जोतीराव-सावित्रीमाईंना वंदन करावेसे वाटते, पण त्यांच्या घरात शिरता येत नाही.

दुसरा ‘धडक २’. शाझिया इक्बाल यांनी मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ चित्रपटावरून तो केला. भोपाळच्या विधी महाविद्यालयात शिकणारा नीलेश अहिरवार आणि त्याच्यावर प्रेम करणारी सवर्ण मुलगी यांची ही गोष्ट. त्यातला शेखर हा विद्यार्थी नेता पाहताना रोहित वेमुलाची आठवण येतेच. नीलेश मार खातो, पण शेवटी उलटून उभा राहतो. तरुणांना हा चित्रपट सर्वात जवळचा वाटला. आक्षेप एवढाच की, तमिळ चित्रपटात गाव, बोली आणि माती होती. इथे ती पातळ झाली.

तिसरा ‘होमबाउंड’. नीरज घायवान यांनी आपली दलित ओळख जाहीरपणे सांगितली आहे, आणि ती नजर चित्रपटात दिसते. पोलीस भरतीची स्वप्ने पाहणारे दोन मित्र, चंदन आणि शोएब. चंदन आपली जात लपवतो. लॉकडाऊनमध्ये दोघे घराकडे निघतात आणि चंदन वाटेतच मरतो. २०२० च्या त्या उन्हाळ्यात नागपूर-रायपूर महामार्गाने देवरीवरून छत्तीसगडकडे चालत जाणारी माणसे आमच्या जिल्ह्याने पाहिली आहेत. त्यामुळे बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलाने विचारले, “आपला माणूस पडद्यावर शेवटी मरतोच का?” हा प्रश्न सोपा नाही. खैरलांजी आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात आहे. मरण खोटे आहे असे आम्ही म्हणू शकत नाही. पण आपले फक्त मरणच दाखवण्यालायक आहे, असेही कोणी ठरवू नये.

चौथा ‘स्थळ’. जयंत दिगंबर सोमलकर यांनी तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, गावातल्याच माणसांना घेऊन केला. शिकायची इच्छा असलेल्या सविताला एकामागून एक पाहुणे पाहायला येतात. पाट, चहा, पोहे, तेच प्रश्न, तोच नकार. काही जणांनी लगेच हरकत घेतली : हे कापूस पिकवणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे आहे, यात आपले काय? तेव्हा महिला मंडळातल्या एक मावशी म्हणाल्या, “मले बी असेच पाहून गेले होते. रंग सावळा म्हणून नाही म्हनलं. अन् पाहाले आलेले सारे आपलेच होते, जयभीमवाले.”

यानंतर चर्चेची दिशा बदलली. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘भारतातील जाती’ या निबंधात जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात दाखवले आहे. जात टिकवायची तर स्त्रीच्या लग्नावर ताबा ठेवावा लागतो. ‘धडक २’मध्ये हा ताबा मोडू पाहणाऱ्याला मारायला माणसे पाठवली जातात. ‘स्थळ’मध्ये कोणी कोणाला मारत नाही, कारण तिथे ताबा सुरळीत चालू आहे. दोन्ही चित्रपट एकाच यंत्राचे आहेत. आणि ते यंत्र धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतही थांबलेले नाही. रंग, हुंडा, पोटजात, नोकरी, सारे विचारले जाते. फक्त लग्न बुद्धविहारात लागते.

हात की शलाका?

मग मत घेतले. पहिल्यांदा हात वर करायला सांगितले. ‘फुले’ मोठ्या फरकाने पहिला आला. ज्यांनी त्यावर टीका केली होती त्यांचेही हात वर होते. जोतीरावांच्या नावाविरुद्ध चारचौघांत हात खाली ठेवायला कोण धजावेल?

तेव्हा आम्हाला संविधान सभेतले २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण आठवले. भारताला संसदीय पद्धत नवी नाही हे सांगताना बाबासाहेबांनी भिक्खू संघाचा दाखला दिला होता. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे संघात होते. विनयात मतदानाचे तीन प्रकार आहेत : उघड, कानात सांगून आणि गुप्त. गुप्त मतदानात वेगवेगळ्या रंगांच्या शलाका, म्हणजे काड्या, असत. त्या गोळा करणारा भिक्खू आवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा, अशी अट होती.

आमच्याकडे बांबूला तोटा नाही. चार रंग लावलेल्या कामट्या केल्या, एक मडके ठेवले आणि पुन्हा मत घेतले. या वेळी ‘स्थळ’ पहिला आला, अगदी थोड्या फरकाने ‘होमबाउंड’ दुसरा. ‘धडक २’ तिसरा, ‘फुले’ चौथा.

काही जण नाराज झाले. जोतीरावांचा हा अपमान आहे, असेही कोणी म्हणाले. आम्हाला तसे वाटत नाही. महापुरुषाविषयीचा आदर आणि त्याच्यावरच्या चित्रपटाची परीक्षा या दोन गोष्टी आहेत. कालाम सुत्तात भगवंतांनी कालामांना सांगितले की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका. पारखून घ्या. जे गुरूच्या शब्दाला लागू आहे, ते गुरूवरच्या चित्रपटाला लागू का नसावे? आणि मुलींना पाटावर बसवणारी प्रथा दाखवणाऱ्या चित्रपटाला पहिले स्थान मिळाले, तर जोतीराव-सावित्रीमाईंना राग येईल असे मानायला आधार नाही.

आमचीच यादी बरोबर, असा आमचा दावा नाही. तुमच्या गावात दुसरा चित्रपट पहिला येईल, यावाच. सांगणे एवढेच की वर्षातून एकदा विहारात बसा. चित्रपट पूर्ण पाहून या. बायकांना आधी बोलू द्या. भरपूर भांडा. आणि मत घेताना हात वर करायला सांगू नका, कामट्या करा. गर्दीत उठलेला हात पुष्कळदा शेजाऱ्याकडे पाहून उठतो. कामटी टाकताना प्रत्येकाला स्वतःशी बोलावे लागते.

बैठक संपल्यावर त्या मावशींनी विचारले, “पुढच्या साली बी करसान ना?” करणार आहोत.

जयभीम, नमो बुद्धाय.