रेकॉर्डिंग का बिघडते? ऑडॅसिटी वापरणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी उपयुक्त माहिती

विहारातील प्रवचन, वर्षावासातील ग्रंथवाचन, १४ एप्रिलच्या कार्यक्रमातील भाषण, शाहिरांचा जलसा. या सगळ्याचे रेकॉर्डिंग करणे आता अवघड राहिलेले नाही. एक लॅपटॉप, एक माइक आणि ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर असले की काम सुरू होते. अडचण कळते ती घरी आल्यावर. फाइल उघडावी तर आवाज फाटलेला, नाहीतर सगळीकडे घूं-घूं, नाहीतर अर्ध्या तासानंतर काहीच नाही.

कार्यक्रमातील भाषण पुन्हा ठेवता येते. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आईवडिलांचा हात धरून दीक्षेला गेलेले मूल तेव्हा दहा वर्षांचे असेल, तर आज ते ऐंशीच्या घरात आहे. अशा माणसाने दोन तास बसून सांगितलेली आठवण बिघडली, तर ती तशीच पुन्हा ऐकायला मिळेल याची खात्री नाही. बीबीसीने १९५५ साली घेतलेल्या मुलाखतीतला बाबासाहेबांचा आवाज आज आपण मोबाइलवर ऐकतो, कारण तेव्हा कोणीतरी तो टिपला आणि नंतर कोणीतरी जपला. म्हणून रेकॉर्डिंगमधले बिघाड ओळखणे हे कार्यकर्त्याचेही काम आहे, असे आम्हाला वाटते.

ऑडॅसिटीची सुरुवात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात झाली आणि २००० साली ते सर्वांसाठी खुले झाले. ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते. खाली दिलेली बरीचशी माहिती दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही लागू पडेल.

आधी आवाजाचा रस्ता समजून घेऊ

आवाज माइकमध्ये शिरतो, वायरमधून साउंड कार्डात जातो, तिथे त्याचे आकड्यांत रूपांतर होते, मग विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम तो सॉफ्टवेअरकडे देते आणि सॉफ्टवेअर तो डिस्कवर लिहिते. बिघाड या रस्त्यावर कुठेतरी एका जागी असतो. आपण घाईत सगळी बटणे एकदम फिरवतो आणि नेमके काय बदलले तेच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच ऐकून पाहायचे, हा पहिला नियम.

आवाजच येत नाही

सर्वात आधी वर दिसणारे रेकॉर्डिंगचे मीटर पाहा. बोलल्यावर मीटर हलत असेल, पण नंतर ऐकू येत नसेल, तर रेकॉर्डिंग ठीक आहे. चूक ऐकण्याच्या बाजूला आहे. तिथे हेडफोनऐवजी दुसरेच उपकरण निवडलेले असते.

मीटर हलतच नसेल तर तीन गोष्टी तपासा. पहिली, माइक सॉफ्टवेअर उघडल्यानंतर जोडला का? तसे असेल तर तो यादीत दिसत नाही. ऑडॅसिटी बंद करून पुन्हा उघडा. दुसरी, विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोनची परवानगी बंद आहे का? डेस्कटॉप अ‍ॅपसाठीची परवानगी वेगळी असते, तीही पाहा. मॅकवरही २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून अशी परवानगी द्यावी लागते. तिसरी, माइक कंडेन्सर प्रकारचा आहे का? स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या अशा माइकला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो. इंटरफेसवर किंवा मिक्सरवर त्याचे बटण असते.

मोबाइलचा इअरफोन आणि कॉलर माइक यांच्या पिनाही नीट पाहा. मोबाइलच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार भाग. साध्या माइकच्या पिनेवर दोन किंवा एकच रेघ असते. चार भागांच्या सॉकेटमध्ये साधी पिन घातली तर माइक ओळखला जात नाही. त्यासाठी स्वस्तातला जोड मिळतो.

आवाज येतो, पण लांबून आल्यासारखा वाटतो, ही तक्रारही नेहमीची. अशा वेळी कॉलर माइक लावलेला असतो, पण रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकवर होत असते. ओळखायची युक्ती सोपी आहे. माइकवर बोटाने हलकेच टकटक करा, मग लॅपटॉपवर करा. कशाने मीटर जास्त उडते ते पाहा.

आवाज फाटतो

डिजिटल आवाजाला वरची मर्यादा असते. तिला शून्य डेसिबल म्हणतात. त्यावर गेलेला आवाज कापला जातो आणि लहरींचे माथे सपाट होतात. मर्यादेच्या वर काय होते याची नोंदच होत नाही, म्हणून फाटलेला आवाज नंतर पूर्णपणे दुरुस्त करता येत नाही. थोडी डागडुजी होते, एवढेच.

म्हणून पातळी आधीच खाली ठेवा. सर्वात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिला पाहिजे. चाचणी घेताना 'हॅलो, हॅलो' पुरेसे नाही. वक्ता हळू सुरू करतो आणि घोषणेला आवाज चढवतो. तेव्हा चाचणीतच एक 'जय भीम' पूर्ण जोरात म्हणून घ्या. पातळी माइकच्या किंवा इंटरफेसच्या गेनवर कमी करा. आवाज तिथेच फाटत असेल तर सॉफ्टवेअरमधली पट्टी खाली केल्याने फाटलेला आवाज फक्त लहान होतो.

साउंड सिस्टिमवाल्याच्या मिक्सरमधून थेट लॅपटॉपच्या माइक सॉकेटमध्ये वायर घालणे हे फाटण्याचे मोठे कारण आहे. मिक्सरमधून येणारा सिग्नल माइकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यासाठी लाइन इनपुट असलेला यूएसबी इंटरफेस घ्या. मिक्सरलाच यूएसबी असेल तर आणखी चांगले.

घूं-घूं आणि खरखर

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. अर्थिंग नीट नसेल तर तीच रेकॉर्डिंगमध्ये खालच्या पट्टीत घुमते. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐकून पाहा. घुमणे थांबले तर दोष तिथेच आहे. बॅटरी पूर्ण भरून मुलाखतीला गेलात तर हा प्रश्नच येणार नाही. माइकची वायर विजेच्या वायरीला लागून नेऊ नका. आवाज जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. त्यात शॉक लागण्याचा धोका असतो.

पंखा, कूलर आणि फ्रिज शक्य असेल तर तेवढ्यापुरते बंद करा. रिकाम्या सभागृहातला प्रतिध्वनी सॉफ्टवेअरने नीट जात नाही. लहान खोली निवडा, जमिनीवर सतरंजी आणि खिडकीला पडदा असू द्या, माइक तोंडापासून साधारण एक वीत ठेवा.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दहा सेकंद कोणीही बोलू नये. त्या शांततेत फक्त खोलीचा आवाज असतो. पुढे तो भाग निवडून ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून देता येतो. घट ६ ते १२ डेसिबलच्या आत ठेवा. जास्त केली की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

वाद्येच ऐकू येत नाहीत

गाणाऱ्याचा आवाज आहे, पण हलगी, खंजिरी किंवा टाळ मध्येच गायब होतात. माइकचा बिघाड वाटतो, पण बहुधा ते 'हुशार' यंत्रणेचे काम असते. लॅपटॉप आणि मोबाइलमधली नॉइज सप्रेशनची सोय बोलणे ठेवते आणि बाकी सगळे गोंगाट समजून दाबते. तिच्या लेखी आपली हलगी हा गोंगाटच. विंडोजच्या माइक सेटिंग्जमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. ऑनलाइन बैठकीच्या सॉफ्टवेअरमधून गाणे टिपत असाल तर तिथेही 'ओरिजिनल साउंड'सारखा पर्याय शोधा.

ब्लूटूथ हेडसेटचा माइकही टाळा. माइक सुरू झाला की असे बरेच हेडसेट कॉलसाठीच्या हलक्या दर्जावर जातात आणि गाणे टेलिफोनवरून आल्यासारखे वाटते.

आवाज मध्येच तुटतो

डिस्कवर लिहिण्याचे काम क्षणभर मागे पडले की तेवढा तुकडा गळतो. इंटरनेट बंद करा, ब्राउझर बंद करा, लॅपटॉप आपोआप झोपणार नाही अशी सेटिंग करा. यूएसबी माइक हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये करू नका, लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर करा. कॉपी नंतर काढा.

जागाही आधी मोजा. ४४,१०० हर्ट्झ आणि ३२ बिट या सेटिंगवर एका माइकचे एक तासाचे रेकॉर्डिंग सुमारे ६३५ एमबी होते. स्टिरिओ ठेवले तर दुप्पट. माइक एकच असेल तर मोनो पुरेसे आहे.

आवाज जड किंवा बारीक झाला

आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो, त्याला सँपल रेट म्हणतात. ४८,००० वर टिपलेला आवाज ४४,१०० समजून वाजवला तर एक तासाची मुलाखत ६५ मिनिटांची होते आणि आवाज जड होतो. उलट झाले तर बारीक आणि घाईचा. विंडोज, इंटरफेस आणि ऑडॅसिटी या तिन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवा. व्हिडिओसोबत वापरायचे असेल तर ४८,००० घ्या. हा बिघाड मात्र नंतरही दुरुस्त होतो. ट्रॅकचा रेट बरोबर निवडला की आवाज पूर्ववत होतो.

दुसरा आवाज मागे पडतो

आधी मुख्य गायकाचा ट्रॅक आणि मग तो हेडफोनवर ऐकत कोरस टिपला की कोरस थोडा मागे किंवा पुढे येतो. आवाजाला लॅपटॉपमधून जाऊन यायला वेळ लागतो. ऑडॅसिटी तो वेळ भरून काढण्यासाठी दुसरा ट्रॅक १३० मिलिसेकंद मागे सरकवते. हा ठरीव आकडा आहे, तुमच्या लॅपटॉपला तो लागू पडेलच असे नाही. एका ट्रॅकवर टाळीचा ठेका घ्या, हेडफोनचा स्पीकर माइकजवळ धरून तोच ठेका दुसऱ्या ट्रॅकवर टिपा, दोघांतले अंतर मोजा आणि ऑडिओ सेटिंग्जमधला आकडा तेवढा बदला. एकदा केले की त्या यंत्रापुरते काम झाले.

सॉफ्टवेअर बंद पडले, फाइल उघडत नाही

वीज गेली किंवा लॅपटॉप अडकला तर घाबरू नका. ऑडॅसिटी रेकॉर्डिंग चालू असतानाच डिस्कवर लिहीत असते. पुन्हा उघडल्यावर ती अपुरे राहिलेले प्रोजेक्ट दाखवते आणि परत आणायचे का, असे विचारते. तिथे 'रिकव्हर' निवडा. घाईत 'डिस्कार्ड' दाबले तर ते रेकॉर्डिंग गेले. प्रोजेक्ट फाइलशेजारी त्याच नावाची 'डब्ल्यूएएल' शेपटीची फाइल दिसली तर तीही काढू नका. त्यात शेवटचा भाग असू शकतो.

प्रोजेक्ट सेव्ह करणे आणि आवाज एक्स्पोर्ट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोजेक्ट फाइल फक्त ऑडॅसिटीत उघडते. मार्च २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून सगळे एकाच एयूपी३ फाइलमध्ये राहते. त्याआधी एक छोटी एयूपी फाइल आणि तिच्याशेजारी 'डेटा' नावाचा फोल्डर असे. आवाज त्या फोल्डरमध्ये असे. जुन्या पेन ड्राइव्हवर नुसती छोटी फाइल सापडली आणि आवाज येत नसेल, तर ज्या कॉम्प्युटरवर काम झाले होते तिथे तो फोल्डर शोधा.

रेकॉर्डिंग संपले की त्याच ठिकाणी वेव्ह स्वरूपात एक्स्पोर्ट करा. एमपी३ लोकांना पाठवायला ठीक, जपून ठेवायला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असेल तर व्हॉइस मेसेज न करता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ दर्जा टिकतो.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

१. बॅटरी पूर्ण भरलेली, डिस्कवर जागा, इंटरनेट बंद.
२. मोठ्या आवाजासह दोन मिनिटांची चाचणी आणि ती हेडफोनवर ऐकून पाहणे.
३. मोबाइलवर वेगळे रेकॉर्डिंग सुरू ठेवणे. एक बिघडले तर दुसरे हाताशी राहते.
४. सुरुवातीला बोलणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आवाजात नोंदवणे आणि रेकॉर्डिंग कुठे वापरायचे आहे ते सांगून त्यांची संमती घेणे.
५. मूळ फाइलला हात न लावता कॉपीवर काम करणे. मूळ फाइल निदान दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या माणसांकडे ठेवणे.

घुमणे थोडे कमी करता येते, वेग दुरुस्त होतो, ट्रॅक जुळवता येतो. फाटलेला, गळालेला आणि पुसला गेलेला आवाज मात्र परत येत नाही. चाचणीची दोन मिनिटे खर्च करायची ती यासाठी. प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळात हे जाणणारे किमान दोन तरुण तयार झाले पाहिजेत. आपल्या वस्तीतल्या ज्या आजी-आजोबांचे अजून कोणी रेकॉर्डिंग केलेले नाही, त्यांच्यापासून येत्या रविवारी सुरुवात करूया.