गठाणीमागे एक रुपया

आमच्या दर्यापूर-बनोशाच्या कोणाही व्यापाऱ्यास, काल बांधलेल्या गठाणी कोठे ठेविल्या, असे विचारा; तो तत्काळ सांगेल. परंतु त्या रुईची सरकी ज्याने वेगळी केली, तो हंगामी मजूर रात्री कोठे निजला, असे विचारल्यास त्यास बहुधा उत्तर सुचणार नाही. दोष एकट्या व्यापाऱ्याचा नव्हे. आम्ही पत्रकर्तेही कापसाचा भाव छापतो, खोलीचे भाडे छापीत नाही.

मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला, तेव्हा कोठे सरकारची दृष्टी कोंदट चाळींकडे वळली. १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट खाते निघाले. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी मिळून उभ्या राहिल्या २०७ चाळी व सुमारे १६,००० खोल्या. खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. शिवाय भाडे मजुरास झेपेना, म्हणून आरंभी कित्येक खोल्या ओसच राहिल्या! वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळावयास २०२५ चा ऑगस्ट उजाडला.

या योजनेसाठी पैसा उभारण्याचा एक मार्ग आमच्या वाचकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गठाणीवर एक रुपया जकात बसविली होती. वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाई, हे येथे सांगणे नको. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताकडे. रुपया मात्र मुंबईत राही. आमच्या कापसाने वरळीच्या मजुरावर छप्पर घालण्यास हातभार लाविला, आणि येथील जीनच्या मजुरासाठी त्यातील एक पैही नव्हती.

२०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत स्वतः घर बांधण्यास अनुदान मिळे खरे. पण त्यास पायाखाली आपली जागा असावी लागे. चार महिने राबून परतणाऱ्यास मालकी नको, भाड्याची खोली हवी. आमचा मुलूख खारपाणाचा, विहिरीचे पाणी खारे. तेव्हा खोलीसोबत गोड्या पाण्याचा नळ हवा, व स्त्रियांसाठी निराळे शौचकूप. जागा नगरपरिषदेने द्यावी, खर्चासाठी जीनवाल्यांनी गठाणीमागे काही रक्कम काढावी. असा कर बसविता येईल की नाही, हा वाद वकिलांचा आहे, आणि तो आम्ही आनंदाने घालू; स्वखुशीने देण्यास मात्र कोणताच कायदा आडवा येत नाही.

हंगामापूर्वी मजुरांची मोजणी व्हावी, आणि त्यांस पहिला प्रश्न विचारावा तो हा की, भाडे किती झेपेल?