खेळातील मोटार, हातातील पाना

मुहैस्नाहच्या उन्हाळ्यात आपली मुले घरात कोंडली जातात. अशा वेळी ‘स्लॉट कार’ हा खेळ उपयोगी ठरतो. 1957 साली ब्रिटनमध्ये ‘स्केलेक्स्ट्रिक’ने तो लोकप्रिय केला. मार्गाच्या खाचेत मोटारीची खुंटी बसते, कडेच्या धातुपट्ट्यांतून वीज मिळते आणि हातातील कळ वेग ठरवते. वळणावर वेग आवरला नाही, तर मोटार बाहेर फेकली जाते. प्रारंभासाठी 1:32 मापाचा लहान संच पुरेसा आहे.

हिवाळ्यात, रस्ता व वाहनतळापासून दूर मोकळ्या जागी, रेडिओ-नियंत्रित मोटार चालवावी. पहिली मोटार 1:10 मापाची, साध्या ब्रश-मोटरची आणि सुटे भाग सहज मिळणारी असावी. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी नवशिक्यांस सोयीची. लिथियम-पॉलिमर बॅटरी मात्र तापलेल्या गाडीत ठेवू नये, लक्ष न देता चार्जही करू नये. खेळानंतर ब्रशने वाळू झाडावी, अन्यथा बेअरिंग व दातेरी चाके लवकर झिजतात.

तयार मोटारीपेक्षा स्वतः जोडावयाचा संच घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. खर्च दोन-तीन कुटुंबांनी वाटून घ्यावा. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. यंत्राजवळ जाण्याचा हक्क आपल्याला असा झगडून मागावा लागला. म्हणून मोटार बिघडली की ती फेकू नये. मुलामुलींच्या हाती पाना द्यावा आणि ती त्यांनाच उघडू द्यावी.