ट्रॅक्टरच्या पुढचे पाते

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपुरात हिमाचा विषय काढणे वाचकाला चमत्कारिक वाटेल. परंतु अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या उत्तर भागातला घरधनी हिवाळ्याच्या सकाळी आपल्या लहान ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला लोखंडी पाते जोडून अंगणातले हिम जसे बाजूला लोटतो, तसेच काम, त्याच तत्त्वाने आणि जवळजवळ त्याच अवजाराने, दसऱ्यापासून होळीपर्यंत विदर्भातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांत चाललेले असते. तिथे हिम, इथे कापूस. काटोल, सावनेर, हिंगणघाट, वणी या मुलखात गाड्या रित्या होतात, फरशीवर पांढऱ्या गंज्या उभ्या राहतात, आणि त्या गंज्यांतला कापूस जीनच्या तोंडाशी नेण्याचे, पूर्वी डोक्यावरच्या टोपल्यांनी होणारे काम आता पुष्कळ ठिकाणी पुढे पाते किंवा रुंद बकेट बसवलेला ट्रॅक्टर करतो. हे अवजार बसवणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ती जाणणाऱ्या मिस्त्रीची दखल आमच्या लेखनात घेतली जावयास हवी होती तितकी घेतली गेलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विद्येला नागपूरइतके योग्य ठिकाण दुसरे शोधावे लागेल. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे 1877 च्या 1 जानेवारीस सुरू झाली. केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 साली याच शहरात स्थापन झाली. जिनिंगचे शिक्षण देणारे केंद्र अमरावती रस्त्यावर आहे. जीनयंत्रे घडवणारे कारखाने येथे आहेत, आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखानाही आहे. त्याच महिंद्रा घराण्याने 1994 पासून अमेरिकेत ट्रॅक्टरविक्रीचा व्यवहार मांडला असून तिथल्या गिऱ्हाइकाला ट्रॅक्टरबरोबर लोडर आणि हिमाचे पातेही पुरवले जाते.

ट्रॅक्टर हे मुळात ओढणारे यंत्र आहे, ढकलणारे नव्हे. हॅरी फर्ग्युसन याने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरच्या पाठीशी जोडण्याची जी पद्धत सिद्ध केली आणि 1939 च्या फोर्ड ट्रॅक्टरमुळे जी जगभर पसरली, तिचे मर्म असे की, जमिनीत रुतलेल्या अवजाराचा ओढा मागच्या चाकांवरचा भार वाढवतो आणि त्यामुळे त्यांची जमिनीवरची पकड घट्ट होते. आपल्याकडे 1963 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा कांदिवलीत पूर्वी तयार होणारा बी-275 घ्या किंवा आज विदर्भाच्या शिवारात फिरणारा कोणताही मध्यम ट्रॅक्टर घ्या, त्याची मागची चाके थोर, पुढची लहान, आणि पुढचा आस मधल्या एका खिळीवर डुलणारा, अशी रचना याच हिशेबाने झालेली असते. पुढे लोडर लावला आणि भरलेली बकेट उचलली की हा सगळा हिशेब उलटतो: भार पुढच्या आसावर येतो, स्टीअरिंग जड होते, आणि ज्या मागच्या चाकांना इंजिनची शक्ती पोहोचते तीच हलकी होऊन जागेवर फिरू लागतात.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. लॉरीला चासी असते. तिचे इंजिन, केबिन आणि हौदा त्या चासीवर बसवलेले असतात. ट्रॅक्टरला बहुधा अशी चासी नसतेच. इंजिनचा ठोकळा, त्यामागे क्लचचे घर, त्यामागे गिअरबॉक्स आणि शेवटी मागच्या आसाचे घर, हे ओतीव लोखंडाचे भाग एकमेकांना बोल्टांनी जखडलेले असतात आणि तोच त्याचा कणा. मागे नांगर ओढताना या कण्याच्या पुढच्या भागावर फारसा ताण येत नाही. परंतु पुढे पाते लावून ते एखाद्या अवघड वस्तूवर आदळले की, तो धक्का इंजिन आणि क्लचचे घर यांच्या सांध्यांतून मागे जाऊ पाहतो. आणि ओतीव लोखंड दाब सोसण्यास जितके समर्थ असते तितके वाक आणि धक्का सोसण्यास नसते. म्हणून जाणता मिस्त्री लोडर नुसता पुढच्या ब्रॅकेटला टांगत नाही. ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्यांची किंवा चॅनलची एक चौकट तो थेट मागच्या आसाच्या घरापर्यंत नेतो, आणि ढकलण्याचा सारा जोर कण्याला वगळून त्या चौकटीवाटे मागच्या चाकांच्या स्वाधीन करतो. अवजाराच्या किमतीत काटकसर करू पाहणारा मालक पहिली कात्री नेमकी या चौकटीवर लावतो, हे मला फार खेदाचे वाटते.

ही चौकट बसते कशी, ते जवळून पाहण्यासारखे आहे. ट्रॅक्टरच्या अंगावर कारखान्याने मुळात ठेवलेली जी आटेदार भोके असतात, तेवढीच वापरावयाची. ओतीव अंगावर नवे भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे निषिद्ध, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने पडलेली बारीक चीर आज दिसत नाही आणि ऐन हंगामात उघडी पडते. बोल्ट प्रथम हाताने निम्मे फिरवून ठेवतात, दोन्ही बाजू समपातळीत आल्याची दोरी लावून खात्री करतात, आणि मगच ते एकेक करून समोरासमोरच्या क्रमाने कसतात. लोडरच्या भुजांच्या पिना बसवताना भोकास भोक जुळले की नाही, हे मिस्त्री कधीही बोट घालून पाहत नाही. निमुळती सळई सरकवून भुजा किंचित हलवतो, आणि पीन हातोडीच्या जोराविना, ग्रीसच्या पातळ थरावरून आपसूक आत गेली तरच ती बरोबर बसली असे समजतो. ठोकून बसवलेली पीन बुश खाते आणि थोड्याच काळात पाते डुगडुगू लागते.

पुढे हायड्रॉलिकचा प्रश्न. ट्रॅक्टरची स्वतःची जी उचलण्याची यंत्रणा असते ती मागच्या अवजारापुरती. तेल दाबले की वर, सोडले की वजनाने खाली. लोडरच्या जॅकला मात्र दोन्ही दिशांनी तेल लागते. त्यासाठी इंजिनच्या पुढच्या पुलीवरून चालणारा निराळा पंप, तेलाची टाकी आणि चालकाच्या उजव्या हाताशी लिव्हरांचा व्हॉल्व्ह अशी व्यवस्था पुष्कळदा करावी लागते. काम संपल्यावर इंजिन बंद करून पाते हातभर उचललेले ठेवावे आणि काही वेळाने पाहावे. ते खाली आलेले दिसले तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे हे निश्चित. चाचणी झाली की मात्र ते जमिनीवर टेकवूनच जागा सोडावी, आणि उचललेल्या पात्याखाली कोणीही जाऊ नये.

मागचे वजन हा या साऱ्या प्रकरणाचा उत्तरार्ध. हिमाच्या देशांत मागे वजनाची पेटी लावतात, चाकांना साखळ्या घालतात आणि टायरांत पाणी भरतात. ते गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, आणि त्या क्षाराने रिमला गंज चढतो हा नवा ताप पत्करतात. नागपूरच्या हवेत नुसते पाणी पुरते. इतका सोपा उपाय असताना रिकाम्या टायरांनी लोडर चालवणारे लोक पाहिले म्हणजे वाईट वाटते. कारण मागे भार नसलेला ट्रॅक्टर उतारावर भरलेली बकेट उंच धरून वळला तर तो पालथा होण्यास वेळ लागत नाही.

हिम आणि कापूस यांचे साम्य नुसत्या रंगाचे नाही. दोन्ही पसरट आणि हलके. नुकत्याच पडलेल्या हिमाचे वजन दर घनमीटरला साधारण 50 ते 100 किलो, तर मातीचे दीड टनाच्या आसपास. तेव्हा मातीसाठी घडवलेली बुटकी बकेट या कामी खुजी ठरते, आणि उंच, रुंद, आत वळलेले पाते लागते. हिमाच्या पात्याखाली दोन्ही टोकांना लोखंडी पादुका बसवतात, ज्यांच्यामुळे पात्याची धार खडीपासून किंचित वर राहते. लिव्हरच्या ‘फ्लोट’ या स्थितीत पाते जमिनीच्या चढउतारानुसार आपोआप वरखाली होते. आणि धार दगडावर अडली तर स्प्रिंगमुळे ती मागे दुमडते, भुजा मात्र शाबूत राहतात. तिरपे पाते एका टोकाने अडले तर भुजांना जो पीळ बसतो तो उचलण्यासाठी केलेल्या लोडरला सोसत नाही, ही ताकीद तिथले जाणकार देतात. आमच्या आवारातही फरशीचा उचललेला कोपरा नेमके हेच करतो.

आणि कापसाच्या बाबतीत ती पादुका केवळ पात्याचे रक्षण करीत नाही, मालाचेही करते. फरशीला घासणारी धार माती आणि कचरा कापसात मिसळते. 2000 साली केंद्र सरकारने जे कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केले, त्यात जिनिंग कारखान्यांच्या सुधारणेवर भर होता, आणि त्यामागची एक मोठी चिंता मालातल्या याच भेसळीची होती. जॅकच्या सांध्यातून गळणारा तेलाचा एक थेंब रुईवर डाग पाडतो. सायलेन्सरमधून उडणारी ठिणगी तर साऱ्या आवाराला पुरते; तेव्हा वर तोंड असलेला सायलेन्सर, त्यावर ठिणगीरोधक आणि हाताशी अग्निशामक यांची हयगय जीनच्या मालकाने कदापि करू नये.

दप्तरी बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार करता येत नाही. म्हणून रस्त्यावर जाणाऱ्या ट्रॅक्टरला कायमचा लोडर बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीला तशी लेखी खबर द्यावी.

येत्या हंगामापूर्वी जे कोणी ट्रॅक्टरला पाते बसवून घेणार असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, मागच्या आसापर्यंत जाणारी चौकट आणि मागचे वजन या दोन बाबी पावतीत स्पष्ट लिहून घ्याव्यात, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत ट्रॅक्टर ताब्यात घेऊ नये.