पिकअप गाडीचा मागील आस : ओळख आणि परीक्षा

शेतमाल पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर व सुरक्षितपणे बाजारात पोहोचविणे महत्त्वाचे असते. लासलगावच्या कांदा बाजारापासून तालुक्याच्या आठवडे बाजारापर्यंत पुष्कळसा माल आज पिकअप गाड्यांतून जातो. अनेक शेतकरी अशी गाडी जुनी विकत घेतात. घेताना इंजिनाचा आवाज ऐकला जातो, टायर पाहिले जातात, रंग पारखला जातो. परंतु ज्या भागावर मालाचा बहुतेक भार पडतो आणि जो भाग चाकांना गती देतो, त्या मागील आसाची चौकशी क्वचितच होते.

या दुर्लक्षाचे परिणाम पुढे दिसून येतात. आसाचा प्रकार ठाऊक नसल्यामुळे चुकीचे तेल भरले जाते, न जुळणारे सुटे भाग आणले जातात आणि सर्वांत वाईट म्हणजे आसाच्या शक्तीबाहेर भार लादला जातो. भरलेल्या गाडीचा आस घाटात तुटल्यास मालाबरोबर माणसांचे प्राणही धोक्यात येतात. आस ओळखण्यासाठी तो खोलावा लागतोच असे नाही. एक जॅक, दोन भक्कम घोडे, चार लाकडी ठोकळे, खडू आणि थोडा धीर एवढ्या साहित्यावर बरीचशी परीक्षा करता येते. मात्र ती एकाच खुणेवर विसंबून करू नये.

आसाची रचना

बैलगाडीचा आस स्वतः फिरत नाही. दोन्ही चाके त्यावर आपापली मोकळी फिरतात. त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक अधिक व आतले चाक कमी फिरले तरी अडचण येत नाही. मोटारगाडीत मात्र इंजिनाची शक्ती चाकांना द्यावयाची असते. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जोडली, तर वळणावर एक चाक घासत जाईल. ही अडचण दूर करणारी दंतचक्रांची योजना म्हणजे डिफरेन्शियल होय.

गिअर बॉक्समधून निघालेला लांब प्रॉपेलर शाफ्ट आसाच्या मध्यावरील पेटीत शिरतो. तेथील लहान दंतचक्रास पिनियन व त्याने फिरणाऱ्या मोठ्या चक्रास क्राऊन म्हणतात. क्राऊनला जोडलेल्या घरातील लहान चक्रे ही गती दोन्ही बाजूंच्या आस-दांड्यांना, म्हणजेच ॲक्सल शाफ्टना वाटून देतात. या रचनेविषयी तीन गोष्टी जाणून घ्याव्यात : भार कोण वाहतो, डिफरेन्शियल कोणत्या प्रकारचे आहे आणि क्राऊन-पिनियनचे प्रमाण किती आहे.

पहिली गोष्ट : भार कोण वाहतो?

मागील आसाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यास सेमी फ्लोटिंग म्हणतात. यात चाक थेट ॲक्सल शाफ्टच्या टोकाला बसविलेले असते. शाफ्ट चाक फिरवितो आणि गाडीचा भारही सोसतो. असा शाफ्ट बाहेरच्या टोकाजवळ तुटला, तर चाक गाडीपासून सुटून जाण्याचा धोका असतो.

दुसऱ्या प्रकारास फुल फ्लोटिंग म्हणतात. यात चाकाचा तुंबा दोन बेअरिंगांवर आसाच्या बाहेरील नळीवर बसतो. भार नळी वाहते आणि शाफ्टकडे फक्त फिरविण्याचे काम राहते. बैलगाडीत न फिरणारा आस भार वाहतो, तशीच ही व्यवस्था आहे. शाफ्ट तुटला तरी चाक तुंब्यावर टिकून राहते. म्हणून जड कामासाठी हा प्रकार पसंत केला जातो.

ओळखण्याची खूण सोपी आहे. चाकावरील शोभेची टोपी काढून मध्यभाग पाहावा. तुंबा चाकाच्या मध्यातून ठळकपणे बाहेर आलेला असेल आणि त्याच्या तोंडावर, चाकाच्या नटांखेरीज, बोल्टांचे दुसरे लहान वर्तुळ असेल, तर आस फुल फ्लोटिंग समजावा. हे बोल्ट काढल्यास चाक न उतरविता शाफ्ट ओढून घेता येतो. मध्यभाग सपाट असून केवळ चाकाचे नट दिसत असतील, तर आस बहुधा सेमी फ्लोटिंग असतो.

दुसरी गोष्ट : डिफरेन्शियलचा प्रकार

साध्या डिफरेन्शियलमध्ये एक दोष असतो. एक चाक चिखलात गेले की तेच गरगर फिरते आणि कोरड्या जागेवरील चाक स्वस्थ राहते. हा दोष कमी करण्यासाठी काही आसांत लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल बसवितात. काहींत दोन्ही चाके एकत्र बांधणारे लॉक असते.

परीक्षेपूर्वी गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करावी, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत. बहुतेक गाड्यांचा हातब्रेक मागील चाकांवर काम करतो. मागची चाके उचलल्यावर त्याचा आधार उरत नाही, म्हणून ठोकळे टाळू नयेत. मागील दोन्ही चाके जमिनीपासून सुटतील इतका आस उचलून घोड्यांवर टेकवावा. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

नंतर हातब्रेक सैल करून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरल्यास डिफरेन्शियल साधे असण्याचा संभव अधिक असतो. ते त्याच दिशेने फिरल्यास गाडी गिअरमध्ये टाकून पुन्हा प्रयत्न करावा. आता चाक हलेनासे झाले, तर आत लिमिटेड स्लिप किंवा लॉक आहे असे समजावे. चाक फिरले व दुसरे उलट गेले, तर डिफरेन्शियल साधे धरावे.

मात्र या परीक्षेला मर्यादा आहे. झिजलेले लिमिटेड स्लिप साध्यासारखेच वागते. काही लॉक दोन चाकांच्या गतीत मोठा फरक पडल्यावरच लागतात, त्यामुळे हाताच्या मंद गतीला ते साधेच भासतात. म्हणून ही परीक्षा पुढे सांगितलेल्या खुणांशी ताडून पाहावी. तसेच एक चाक जमिनीवर व एक वर असताना इंजिन चालवून चाक फिरविण्याचा प्रयोग कधीही करू नये. आत लिमिटेड स्लिप असल्यास जमिनीवरील चाक जोर घेते आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

तिसरी गोष्ट : क्राऊन-पिनियनचे प्रमाण

क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले असता प्रमाण मिळते. क्राऊनला ४१ व पिनियनला १० दाते असतील, तर प्रमाण ४.१० होते. ४१ व ११ असतील, तर ते सुमारे ३.७३ होते. आकडा मोठा असेल तर ओढण्याची शक्ती अधिक मिळते, परंतु त्याच वेगाला इंजिनास अधिक फेरे घ्यावे लागतात.

आस न खोलताही हे प्रमाण काढता येते. डिफरेन्शियल साधे असल्यास एकच मागील चाक उचलावे आणि दुसरे जमिनीवर स्थिर ठेवावे. ठोकळे व घोडे यांची काळजी पूर्वीप्रमाणेच घ्यावी. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून टायरवर व प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करावी. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि तेवढ्यात शाफ्टचे किती फेरे होतात ते मदतनिसाने बाजूने पाहून मोजावे. तो आकडा म्हणजेच प्रमाण होय. एक चाक स्थिर असताना दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राऊनचा एकच फेरा होतो, म्हणून दोन फेरे घ्यावयाचे. अधिक अचूकतेसाठी चाकाचे वीस फेरे घेऊन शाफ्टच्या फेऱ्यांना दहाने भागावे. लिमिटेड स्लिप असल्यास दोन्ही चाके उचलून ती एकत्रच एक फेरा फिरवावीत.

एका खुणेवर विसंबू नये

शेतीकामात जड पिकअप दीर्घकाळ रूढ असलेल्या अमेरिकेत आसांची ओळख मागील झाकणाच्या बोल्टांवरून करण्याची सवय आहे. ती कशी फसवते हे पाहण्यासारखे आहे. जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये १४ बोल्टांचे झाकण असलेले तीन आस आढळतात. त्यांच्या क्राऊनचा व्यास अनुक्रमे ९.५, १०.५ व ११.५ इंच आहे. यांपैकी ९.५ इंचांचा आस बहुधा सेमी फ्लोटिंग असतो, तर १०.५ इंचांचा फुल फ्लोटिंग असतो. केवळ १४ बोल्ट मोजून हलका आस जड समजणाऱ्याची येथे फसगत होते. डेना कंपनीच्या ६० व ७० या दोन्ही आसांच्या झाकणांना प्रत्येकी १० बोल्ट असतात. परंतु ६० क्रमांकाचा क्राऊन ९.७५ इंचांचा, तर ७० क्रमांकाचा १०.५ इंचांचा असतो. फोर्डचा १०.२५ इंचांचा आस तर सेमी व फुल अशा दोन्ही प्रकारांत निघाला.

म्हणून तेथील जाणकार इतर खुणाही पाहतात. डेनाच्या आसाच्या पेटीवर ओतकामातच क्रमांक उठविलेला असतो आणि नळीवर ठोकलेल्या आकड्यावरून त्या आसाच्या भागांची यादी मिळते. फोर्डच्या आसावरील पत्र्याच्या पट्टीवर ‘३ एल ७३’ असे आढळल्यास प्रमाण ३.७३ व डिफरेन्शियल लिमिटेड स्लिप असा अर्थ होतो. जनरल मोटर्सच्या गाडीतील संकेतपट्टीवर ‘जी ८०’ हा संकेत लॉक होणाऱ्या डिफरेन्शियलचा असतो. परंतु पट्टी केवळ कारखान्यातून निघालेल्या आसाविषयी सांगते. मध्यंतरी आस किंवा क्राऊन-पिनियन बदललेले असल्यास पट्टी तशीच राहते. म्हणूनच फेऱ्यांची मोजणी आवश्यक ठरते.

महाराष्ट्राला परिचित असलेल्या जीपचा इतिहासही हेच सांगतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे ही गाडी अनेक गावांच्या रस्त्यांवर दिसू लागली. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीपच्या क्राऊनला ३९ व पिनियनला ८ दाते होते. १९४५ मध्ये शेतीकाम डोळ्यांसमोर ठेवून निघालेल्या सीजे-२ए या मुलकी जीपला ४३ व ८ दाते देण्यात आले. या मुलकी जीपचा मागील आस आरंभी फुल फ्लोटिंग होता, पुढे तो सेमी फ्लोटिंग करण्यात आला. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन गाड्यांच्या पोटात असा फरक होता. चार चाकांना गती देणाऱ्या गाडीत पुढील व मागील आसाचे प्रमाण सारखेच असावे लागते. न जुळणारा आस बसविल्यास टणक रस्त्यावर दंतचक्रे एकमेकांविरुद्ध ओढली जाऊन लवकर निकामी होतात.

तेल आणि भार

पिकअपच्या आसात बहुधा हायपॉइड दाते असतात आणि त्यांना जीएल-५ प्रतीचे गिअर ऑईल लागते. इंजिनाचे तेल येथे चालत नाही. लिमिटेड स्लिपच्या काही प्रकारांना तेलात वेगळे पूरक द्रव्य लागते. ते नसल्यास वळणावर आवाज व थरथर जाणवते. तेलाची प्रत व मात्रा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावी. काढलेल्या तेलात बारीक करडी पूड असणे हे सर्वसाधारण झिजेचे लक्षण आहे. धातूचे तुकडे निघाल्यास मात्र आस खोलून पाहिल्याशिवाय गाडीत माल भरू नये.

आस फुल फ्लोटिंग निघाला म्हणून वाटेल तेवढा माल भरता येईल, असा समज करून घेऊ नये. पाटे, टायर, ब्रेक व चौकट यांचीही मर्यादा असते आणि यांतील सर्वांत दुबळ्या भागावरून गाडीची शक्ती ठरते. नोंदणी प्रमाणपत्रातील वजनच प्रमाण मानावे. मोठा आस बसविल्याने ते वजन वाढत नाही. प्रमाणपत्रातील मूळ तपशील बदलेल असा फेरफार करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

सुगीपूर्वी गावातील एक-दोन पिकअप एकत्र आणून वरील परीक्षा एखाद्या अनुभवी मिस्त्रीच्या देखरेखीखाली करून दाखवाव्यात. प्रत्येक गाडीमालकाला एका कार्डावर पुढील नोंदी करावयास सांगावे : आसाचा प्रकार, डिफरेन्शियलचा प्रकार, मोजून काढलेले प्रमाण, आसावरील पट्टीचे आकडे, तेलाची प्रत व तेल बदलल्याची तारीख. पट्टीवरील आकडा व मोजलेले प्रमाण जुळत नसेल, तर आस पूर्वी बदलला गेला आहे असे समजून, सुटे भाग घेण्यापूर्वी मिस्त्रीकडून आस खोलून क्राऊन-पिनियनचे दाते मोजून घ्यावेत. जुनी गाडी घेणाऱ्यांनी ही परीक्षा पैसे देण्यापूर्वी करावी. तिला एक तासाहून अधिक वेळ लागत नाही आणि विकणाऱ्याने तिला हरकत घेतल्यास ती गाडी न घेणेच इष्ट होय.