गादी, सत्ता आणि उतरंड

आमच्या शिरगावचा किल्ला १७३९ साली पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. छत्रपतींची गादी साताऱ्यात. मोहीम मात्र पुण्याच्या पेशव्यांची. जपानची शोगुनशाही शिकविताना मी विद्यार्थ्यांना हाच दाखला देतो. क्योटोत सम्राट नावापुरता, एदोत शोगुन सत्ताधीश! त्याच्या लष्करी सरकारला ‘बाकुफू’ म्हणत. तोकुगावा घराण्याने ते १६०३ ते १८६७ चालविले. सरदारांची बायकामुले एदोत ओलीस ठेवली. सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी ही जन्मजात उतरंड पक्की केली. मेलेली जनावरे ओढणारे, कातडे कमावणारे उतरंडीच्याही बाहेर. त्यांना ‘एता’, म्हणजे विटाळाने भरलेले, म्हणत. आपल्याला यात परके काय आहे?

पेशवाई १८१८ साली बुडाली, शोगुनशाही १८६७ साली. १८७१ च्या फर्मानाने ‘एता’ हा शब्द कायद्यातून गेला. वस्तीतला, लग्नातला, नोकरीतला विटाळ गेला नाही. तेव्हा १९२२ साली या माणसांनीच क्योटोत ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना उभारली. पाचच वर्षांनी, १९२७ साली, महाडचे तळे पेटले. वरची सत्ता बदलली म्हणून उतरंड आपोआप मोडत नाही; ती खालच्यांनाच मोडावी लागते. क्योटो आणि महाड यांचे नाते हे असे आहे.