विद्युत मोटारसायकलमधील वायरिंगचे दोषनिदान : एक विवेचन

प्रास्ताविक

पेट्रोलवरील मोटारसायकल बिघडली की तिचा आवाज, वास व धूर यांवरून अनुभवी मेकॅनिक दोषाचा अंदाज बांधतो. विद्युत मोटारसायकलमध्ये अशा खुणा फारशा मिळत नाहीत. परिणामी निदान न करताच एकेक महागडा भाग बदलून पाहण्याकडे कल वाढतो, आणि मूळ दोष मात्र एखाद्या गंजलेल्या कनेक्टरमध्ये तसाच राहतो. यात ग्राहकाचे आर्थिक नुकसान तर होतेच, शिवाय सैल सांधा तापून आग लागण्याचा धोकाही कायम राहतो. प्रस्तुत लेखात दोषनिदानाच्या तर्कशुद्ध पद्धतीचा विचार केला आहे.

१. लक्षणावरून मंडलाकडे

या वाहनाच्या वायरिंगचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. बॅटरी, मुख्य फ्यूज, कंट्रोलर व मोटरच्या तीन फेज वायरी हे उच्चप्रवाही मंडल होय. डीसी-डीसी कन्व्हर्टरकडून दिवे व हॉर्न यांना वीज देणारे १२ व्होल्टचे मंडल दुसरे. थ्रॉटल, ब्रेक स्विच, साइड स्टँड स्विच व हॉल सेन्सर यांचे संकेत मंडल तिसरे.

दिवे लागतात, पण मोटर फिरत नाही, अशा वेळी प्रथम संकेत मंडल तपासावे. अडकलेला ब्रेक स्विचही मोटर थांबवू शकतो. सर्वच बंद असल्यास मुख्य फ्यूज, किल्लीचा स्विच व बॅटरी व्यवस्थापन प्रणाली यांकडे वळावे. मोटर थरथरत असल्यास हॉल सेन्सर किंवा एखादी फेज वायर संशयित ठरते. गाडी केवळ चढावर बंद पडत असल्यास दुर्बल बॅटरी अथवा उच्चप्रवाही मंडलातील खराब सांधा संभवतो.

२. सातत्य चाचणीची मर्यादा

मल्टीमीटरचा 'बीप' आला म्हणजे वायर निर्दोष, हा समज अपुरा आहे. या चाचणीत केवळ काही मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. वायरीतील बहुतेक तारा तुटून एकच शिल्लक असली तरी बीप येतो.

जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम येथे मार्गदर्शक ठरतो. सांध्याचा रोध ०.०१ ओहम असेल, तर २ मिलिअँपिअर प्रवाहाला विभवांतरातील घट २० मायक्रोव्होल्ट, म्हणजे नगण्य असते. तोच प्रवाह १०० अँपिअर झाल्यावर घट १ व्होल्ट होते आणि त्या सांध्यात १०० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून १२ व्होल्टच्या मंडलात दिवे चालू ठेवून वायरीच्या दोन टोकांमधील विभवांतर मोजावे. उच्चप्रवाही मंडलासाठी गाडी भाराखाली चालवून आणावी व लगेच अवरक्त तापमापीने सांधे तपासावेत. इतरांहून जास्त तापलेला सांधा संशयास्पद मानावा.

३. संकेत मंडलाची तपासणी

एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारित सेन्सर मोटरच्या रोटरची स्थिती कंट्रोलरला कळवतात. त्यांना बहुधा ५ व्होल्टचा पुरवठा असतो. तो आधी तपासावा. नंतर चाक हळूहळू फिरवले असता तिन्ही संकेत आळीपाळीने उच्च व निम्न झाले पाहिजेत. १२० अंशांच्या रचनेत तिन्ही संकेत एकाच वेळी समान कधीच नसतात. तसे आढळल्यास दोष निश्चित समजावा. हब मोटरमध्ये या वायरी आसातून बाहेर येतात, त्यामुळे तेथे त्यांचे आवरण घासले जाते. मधूनमधून उद्भवणारा दोष शोधताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मीटरचे वाचन पाहावे, कारण हँडलजवळील वायरी सतत वाकत असतात.

४. सुरक्षितता

२० लिथियम-आयन घट एकसरीत असलेली ७२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भारित झाल्यावर ८४ व्होल्टपर्यंत पोहोचते. एकदिश प्रवाह शून्यावर येत नसल्याने त्याची ठिणगी सहज विझत नाही. म्हणून रोध मोजण्यापूर्वी बॅटरी विलग करावी, कंट्रोलरमधील धारित्र रिकामे झाल्याची खात्री करावी आणि अंगठी, घड्याळ काढून ठेवावे.

समारोप

भारतात बॅटरी सुरक्षेविषयीच्या एआयएस-१५६ मानकातील सुधारित तरतुदी १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. तथापि मानके नव्या वाहनाची हमी देतात. काही पावसाळे सोसलेल्या वायरिंगची सुरक्षितता दुरुस्ती करणाऱ्याच्या ज्ञानावरच अवलंबून राहते. लक्षण, अनुमान, मोजमाप व त्यानंतरच भाग बदलणे, हा क्रम पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतही समाविष्ट करता येईल. ओहमचा नियम विद्यार्थ्याला सूत्र म्हणून पाठ असतोच. तापलेल्या सांध्यावर तो पडताळून पाहण्याची संधी त्याला महाविद्यालयाने द्यावी, असे येथे सुचवावेसे वाटते.